अकरा पस्तीसची गोष्ट: कॉनन ओब्रायनने टॉक शोचं टेबल का काढून टाकलं

कॉनन ओब्रायन या अमेरिकी विनोदी होस्टच्या शोचा एकही भाग मी त्याच्या वेळेला पाहिलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे अकरा पस्तीस होतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ-दहा वाजून गेलेले असतात आणि माणसं ऑफिसच्या वाटेवर असतात. मी त्याला पाहिलं ते यूट्यूबवर, सहा-सात मिनिटांच्या तुकड्यांत, रात्री जेवताना, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर. मागेपुढे काय होतं, कुठे जाहिरात होती, कशाचा पत्ता नाही. आणि तरी काही अडलं नाही.

हे अडलं नाही, यातच अमेरिकी टॉक शोचं सगळं दुखणं आहे. कारण तो कार्यक्रम मुळात घड्याळाच्या मापाने शिवलेला कपडा होता.

माप असं. अमेरिकेत रात्री अकराच्या स्थानिक बातम्या संपत आल्या की माणूस झोपायच्या तयारीत असतो. त्याला आता खून, कोर्ट, हवामान यातलं काही नको असतं. १९५४ मध्ये एनबीसी या टीव्ही कंपनीने या वेळेला 'टुनाइट शो' सुरू केला. स्टीव्ह ॲलन पहिला होस्ट, मग जॅक पार, मग १९६२ पासून तीस वर्षं जॉनी कार्सन. या काळात जो साचा बसला तो अजून चालतो. होस्ट पडद्यामागून येतो, उभ्याने दिवसभराच्या बातम्यांवर विनोद करतो. मग टेबलामागे जाऊन बसतो. शेजारच्या सोफ्यावर पाहुणा येतो. कोपऱ्यात बँड असतो, आणि हसायला, हुंकार द्यायला एक जोडीदार.

यातली प्रत्येक वस्तू शोभेपेक्षा सोयीसाठी जास्त आहे. बँड घ्या. टीव्हीवर जाहिरात लागते तेव्हा स्टुडिओत बसलेल्या शे-दोनशे माणसांचं काय करायचं? त्यांचा उत्साह गार पडू नये म्हणून बँड वाजत राहतो. घरी बसलेल्याला त्यातले चार सेकंद ऐकू येतात. टेबलामागे होस्टची टिपणं असतात. पाहुणा सहज आठवल्यासारखा जो किस्सा सांगतो, तो बहुतेकदा एक-दोन दिवस आधी शोच्या माणसाने फोनवर त्याच्याशी बोलून निवडलेला असतो. 'तुम्ही म्हणे मध्यंतरी एकदा घोड्यावरून पडलात?' असं होस्ट विचारतो, तेव्हा घोडा टिपणात उभाच असतो. दोन जाहिरातींच्या मध्ये सहा-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात खऱ्या गप्पा होत नाहीत, किस्साच होतो.

सुरुवातीच्या त्या उभ्याने केलेल्या विनोदांना मोनोलॉग म्हणतात. लेखकांची फौज तो रोज सकाळपासून लिहिते, संध्याकाळी तो चित्रित होतो, रात्री दिसतो आणि दुसऱ्या दिवशी शिळा होतो. दुधासारखा माल आहे तो, रोजच्या रोज काढायचा आणि रोजच्या रोज खपवायचा.

कॉनन या धंद्यात १९९३ मध्ये आला. हार्वर्डमधून शिकलेला, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' आणि 'द सिम्पसन्स'चा लेखक. सहा फूट चार इंच उंची, लाल केसांचा तुरा, पडद्यावर कोणी ओळखत नव्हतं. होस्ट डेव्हिड लेटरमन एनबीसी सोडून सीबीएस या दुसऱ्या टीव्ही कंपनीत गेला आणि त्याची, 'टुनाइट शो'नंतरची, साडेबाराची जागा या अनोळखी माणसाला मिळाली. सोळा वर्षं त्याने ती चालवली. २००४ मध्ये एनबीसीने जाहीर केलं की २००९ मध्ये तेव्हाचा होस्ट जे लेनो 'टुनाइट शो' सोडेल आणि गादी कॉननला मिळेल. पाच वर्षांनंतरचा मुहूर्त आधीच काढून ठेवला.

मुहूर्त आला तेव्हा लेनो पहिल्या क्रमांकावर होता. तो दुसऱ्या चॅनलवर गेला तर काय, या भीतीने एनबीसीने त्याला रोज रात्री दहा वाजता एक तास दिला. हिशेब वरवर बरा दिसत होता, कारण दहाच्या वेळेला ज्या मालिका लागत त्यांच्यापेक्षा बोलण्याचा कार्यक्रम कितीतरी स्वस्त. १ जून २००९ ला कॉनन अकरा पस्तीसच्या खुर्चीत बसला, सप्टेंबरमध्ये लेनो दहाच्या.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. एनबीसी म्हणजे एकच एक चॅनल नव्हे. गावोगावची स्टेशनं बहुतेक करून वेगळ्या मालकांची असतात. ती एनबीसीचे कार्यक्रम दाखवतात आणि अकराच्या बातम्या स्वतः करतात. त्या बातम्यांमधल्या जाहिराती ही त्यांची रोजीरोटी. टीव्हीसमोरचा माणूस आळशी असतो, दहाला जे लावलं ते अकरालाही चालू ठेवतो. लेनोच्या दहाच्या शोला प्रेक्षक कमी मिळाले, त्यामुळे अकराच्या बातम्यांना कमी, आणि त्यामुळे अकरा पस्तीसच्या कॉननला आणखी कमी. कालव्याच्या तोंडाशीच पाणी अडलं की टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल येतो, तसंच. स्टेशनांचे मालक ओरडायला लागले. तेव्हा एनबीसीने तोडगा काढला: लेनोला अर्धा तास अकरा पस्तीसला, आणि 'टुनाइट शो' बारा वाजून पाच मिनिटांनी.

बारा पाच म्हणजे तारीख बदलली. 'आज रात्री' नावाचा कार्यक्रम उद्यावर गेला. १२ जानेवारी २०१० ला कॉननने 'पृथ्वीवरील लोकहो' अशी सुरुवात करून एक पत्र प्रसिद्ध केलं आणि त्यात नेमका हाच मुद्दा मांडला, की शो दुसऱ्या दिवसात ढकलला तर तो तो शो राहत नाही. त्याच्या करारात 'शो अमुक वाजताच लागेल' अशी अट नव्हती, असं तेव्हा छापून आलं. वकील बसले. सुमारे साडेचार कोटी डॉलरमध्ये मिटलं, त्यातले सव्वा कोटीच्या आसपास त्याच्या माणसांसाठी. शेवटच्या आठवड्यात त्याने बुगाटी वेरॉन या महागड्या गाडीला कान-मिशा लावून उंदीर केलं, मागे रोलिंग स्टोन्सचं गाणं वाजवलं आणि सांगितलं की या विनोदाचा खर्च पंधरा लाख डॉलर, बिल चॅनलला. २२ जानेवारीला शेवटचा भाग झाला. नशिबी पावणेआठ महिने.

तडजोडीत एक कलम होतं: १ सप्टेंबरपर्यंत टीव्हीवर यायचं नाही. रंगमंचाबद्दल मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

मग त्याने दौरा काढला. नावातच कलम घातलं, मराठीत सांगायचं तर 'टीव्हीवर विनोद करण्यास कायद्याने मनाई असलेला दौरा'. जाहिरातीला चॅनल नव्हतं, म्हणून नुकतंच उघडलेलं ट्विटर खातं वापरलं आणि तिकिटं भराभर गेली. १२ एप्रिल २०१० ला ऑरेगनमधल्या यूजीन या गावात पहिला प्रयोग, मग दोन महिने अमेरिका आणि कॅनडातली तीसेक शहरं. न्यूयॉर्कला प्रयोग झाले ते रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे एनबीसीच्या इमारतीच्या जवळजवळ अंगणातच.

माझ्या मते या दौऱ्यातली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे एक पांडा. कॉननच्या जुन्या शोमध्ये डायपर घातलेलं एक अस्वल होतं. ते काय करायचं हे घरातल्या मोठ्यांसमोर सांगता येणार नाही, पण ते लोकप्रिय होतं. अस्वल एनबीसीच्या मालकीचं. होस्ट पगारावर असताना शोमध्ये जी पात्रं, जी सदरं जन्माला येतात ती चॅनलची मालमत्ता ठरतात, कंपनीत काम करताना इंजिनिअरने लावलेला शोध कंपनीचा ठरतो तशी. म्हणून दौऱ्यावर अस्वलाच्या जागी पांडा आला. डायपर तोच, चाळेही तेच. प्राणी बदलला की मालक बदलतो, एवढाच तो विनोद, आणि प्रेक्षकांना तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा लवकर कळला.

दुसरी वस्तू एक दांडा. २००४ मध्ये एनबीसी आणि युनिव्हर्सल एकत्र झाल्या, तेव्हा 'वॉकर, टेक्सास रेंजर' या चक नॉरिसच्या मालिकेची दृश्यं शोला फुकटात वापरता येऊ लागली. कॉननने टेबलाशेजारी एक दांडा बसवला. तो ओढला की त्या मालिकेतला कुठलाही विचित्र तुकडा पडद्यावर यायचा. बस, एवढंच. कंपन्यांच्या विलीनीकरणावर याहून साधा विनोद मी पाहिलेला नाही. दौऱ्यावर त्या दांड्याचं नाव झालं 'चक नॉरिस ग्रामीण पोलीस हँडल'.

हा मालकीचा वाद जुनाच होता. १९९३ मध्ये लेटरमन सीबीएसला गेला तेव्हाही एनबीसीने त्याच्या सदरांवर हक्क सांगितला होता. सीबीएसवरच्या त्याच्या पहिल्याच भागात एनबीसीचे बातमीदार टॉम ब्रोकॉ मंचावर चालत आले, विनोदांची दोन कार्डं उचलली, ही एनबीसीची बौद्धिक संपदा आहे असं जाहीर केलं आणि निघून गेले. विनोद कोणाचा, सांगणाऱ्याचा की दिव्याचं बिल भरणाऱ्याचा, हा प्रश्न तिथे हशात विरला. सतरा वर्षांनी कॉननने त्यावर तिकीट लावलं.

दौऱ्याने टॉक शोचं नेमकं काय उघडं केलं? एक तर प्रेक्षक बदलला. स्टुडिओतला प्रेक्षक फुकट बसतो. त्याला आत घेण्याआधी कोणीतरी गरम करतं, टाळ्या कधी वाजवायच्या तेही सुचवलं जातं. दौऱ्यावरच्या माणसाने पैसे मोजलेले असतात आणि तो त्या माणसासाठी आलेला असतो, वेळेसाठी नाही. दुसरं, विनोदाला उद्या मिळाला. टीव्हीवर रोज नवं करायचं, जमलेलंही फेकून द्यायचं. दौऱ्यावर तेच परत करायचं, आणि परत करताना घट्ट करायचं. आपल्याकडे नाटकाच्या पंचविसाव्या खेळालाही 'प्रयोग'च म्हणतात, आणि तो पहिल्यापेक्षा बांधीव असतो हे मराठी प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. टॉक शोच्या माणसाला ही चैन कधी मिळालेली नव्हती. तिसरं, टेबल नव्हतं. अँडी रिक्टर हा जुना जोडीदार होता, बँड होता, पण कॉनन दीड-दोन तास उभा होता. नाचत होता, गिटार वाजवत होता, 'आय विल सर्व्हाइव्ह' गात होता.

हा दौरा फार थोर होता असं मात्र मी म्हणणार नाही. कोट्यवधी डॉलर घेऊन बाहेर पडलेला माणूस दु:खाची गाणी गातो, त्यात थोडी रडारड होतीच. त्याला स्वतःलाही ते ठाऊक होतं आणि तो त्याचीही टर उडवायचा. दौऱ्यावर निघालेल्या माहितीपटात प्रयोगानंतरचा कॉनन दिसतो: दमलेला, चिडका, आणि तरी दारात थांबलेल्या शेवटच्या चाहत्याला भेटल्याशिवाय न जाणारा.

आणि एवढं करून त्याने काय केलं? नोव्हेंबर २०१० मध्ये टीबीएस या केबल चॅनलवर नवा शो सुरू केला, त्यात टेबल, सोफा, बँड सगळं पुन्हा मांडलं. एकच शहाणपण केलं, या वेळी शोची मालकी स्वतःकडे ठेवली. बाकी आठ वर्षं संसार जुन्याच घरात.

घर बदलायची वेळ आली ती यूट्यूबमुळे, आणि कोरियामुळे. कोरियातल्या एका चाहतीने त्याला पत्र आणि खाऊचा डबा पाठवला. तिकडे त्याचा शो टीव्हीवर लागतच नव्हता. कोणीतरी क्लिपांना कोरियन सबटायटलं लावायचं आणि मुलं ती बघायची. २०१६ च्या फेब्रुवारीत तो सोलला गेला तर विमानतळावर झुंबड. त्या मुलांना अकरा पस्तीस म्हणजे काय हे माहीत नव्हतं, एनबीसीचं भांडण माहीत नव्हतं, आणि मोनोलॉगमधल्या अमेरिकी सिनेटरांची नावं तर नाहीच नाही. त्यांना आवडत होता तो रस्त्यावर फिरणारा, अनोळखी माणसांशी बोलून स्वतःची फजिती करून घेणारा उंच लाल माणूस.

त्याआधी २०१५ मध्ये तो क्यूबाला जाऊन आला होता. या प्रवासाच्या भागांमध्ये शिळं होण्यासारखं काही नसतं. सिगारच्या कारखान्यात कामगारांच्या मध्ये बसलेला कॉनन दहा वर्षांनीही तेवढाच बघणेबल आहे, त्याच आठवड्यातला मोनोलॉग मात्र आता तळटीपांशिवाय कळत नाही. रोज तासभर भरायचा, त्यातला मोठा भाग दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचा, आणि जे टिकतं ते नेमकं टेबलापासून दूर केलेलं, हा हिशेब कधीतरी मांडावाच लागणार होता.

२०१८ मध्ये तो मांडला गेला. तासाचा शो अर्ध्या तासावर आणायचं ठरलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवटचा तासाचा भाग झाला आणि कॉनन पुन्हा दौऱ्यावर निघाला. आता कोणी हाकललेलं नव्हतं. अठरा शहरं, बरोबर तरुण स्टँडअप कलाकार, आणि नाव 'कॉनन अँड फ्रेंड्स', पुढे 'विनोद आणि गुंतवणुकीचे सल्ले' अशी शेपटी. पहिला दौरा हा मोर्चा होता, दुसरा तालमीसारखा. दुकानाचं नूतनीकरण चालू असताना मालक फेरीवर गेला, म्हणा ना.

२२ जानेवारी २०१९ ला नवा शो आला तेव्हा टेबल गेलेलं होतं. बँड गेला होता, सूट-टाय गेली होती. सेट आटोपशीर केला, प्रेक्षक जवळ आणले. एक पाहुणा, समोरासमोर खुर्च्या. पहिला पाहुणा टॉम हँक्स. टीव्हीवर मावलं नाही तेवढं इंटरनेटवर. बँडचं मला वाईट वाटलं. जिमी व्हिव्हिनो आणि त्याची मंडळी पंचवीस वर्षं सोबत होती, आणि 'साचा मोडला' असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा साच्यात पगार घेणारी माणसंही असतात.

पण खरी मोडतोड त्याच्या दोन महिने आधीच झाली होती, आणि ती कोणाच्या फारशी लक्षात आली नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने 'कॉनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड' नावाचा पॉडकास्ट सुरू केला. सहा-सात मिनिटांच्या किश्शाऐवजी तासभर गप्पा. फोनवरून आधी ठरवलेला घोडा इथे पुरत नाही, दहाव्या मिनिटाला संपतो, आणि मग दोघांना खरंच बोलावं लागतं. जोडीला त्याची सहायक सोना मोव्हसेसियन आणि निर्माता मॅट गॉर्ली. सोना त्याची जी उतरवते ती ऐकण्यासारखी असते. जुन्या शोचा हसरा जोडीदार इथे कामचुकार पण तोंडाळ सहायकाच्या रूपात परत आला, फक्त आता हसं होस्टचं होतं.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडने उरलंसुरलं सामानही नेलं. कॉनन घरातून आयफोनवर शो करू लागला. उन्हाळ्यात लॉस एंजलिसच्या लार्गो या छोट्या थिएटरात गेला, तिथे खुर्च्यांवर चाहत्यांचे पुठ्ठ्याचे कटआउट. २४ जून २०२१ ला टीबीएसवरचा शो तिथूनच संपला. वर्षभराने त्याची कंपनी, पॉडकास्टसकट, सिरियसएक्सएम या रेडिओ कंपनीने घेतली. किंमत सुमारे पंधरा कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. बारा वर्षांपूर्वी गादी सोडण्यासाठी मिळाले होते त्याच्या तिपटीहून जास्त, आणि विकायला यात कुठली वेळ नव्हतीच. २०२४ मध्ये प्रवासाचे भाग 'कॉनन ओब्रायन मस्ट गो' या वेगळ्या मालिकेच्या रूपात आले.

ज्यांनी टेबल सोडलं नाही त्यांचं काय? जुलै २०२५ मध्ये सीबीएसने स्टीफन कोल्बर्टचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद होणार असं जाहीर केलं. लेटरमनने उभा केलेला, आपल्या वेळेत पहिल्या क्रमांकावर असलेला शो. कारण पैशांचं सांगितलं गेलं. वर्षाला चार कोटी डॉलरच्या आसपास तोटा, असे आकडे छापून आले. सीबीएसच्या मालक कंपनीने डोनाल्ड ट्रम्पशी दीड कोटी डॉलरच्या पुढची तडजोड केली होती आणि कोल्बर्टने नुकतीच तिच्यावर टीका केली होती, म्हणून अनेकांना ते कारण पटलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तोट्यातल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्याने मालकाला बोल लावावा, एवढी उसंत आता त्या वेळेत उरलेली नाही. कार्सनच्या काळात होती.

माझं म्हणाल तर कॉननला त्याच्या वेळेला मी पाहिलं ते एकदाच, ३ मार्च २०२५ ला. ऑस्करचा होस्ट तो होता. लॉस एंजलिसमध्ये रविवारची संध्याकाळ, आपल्याकडे सोमवारचे पहाटे साडेपाच. मी चहाचं आधण ठेवून टीव्हीपुढे बसलो. थोड्या वेळाने पठ्ठ्याने मोडक्या हिंदीत भारतातल्या लोकांना नमस्कार केला, तुमच्याकडे आता सकाळ असेल, कुरकुरीत नाश्त्याबरोबर ऑस्कर बघत असाल अशी आशा आहे, असं काहीतरी म्हणाला. उच्चार भयंकर. बायको आतून म्हणाली, कोण बोलतंय हे असं? तेवढ्यात चहा उतू गेला.